समाधान कोणी कोणास शिकवावे?

उपदेशाच्या बाजारात सर्वांत स्वस्त माल कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही समाधानाचे नाव घेऊ. तो देणाऱ्याची गाठ सुटत नाही आणि घेणाऱ्यास मात्र पोटाला चिमटा घेऊन त्याची किंमत मोजावी लागते. इतके होऊनही देणारा उदार ठरतो व घेणारा उपकृत. हल्ली या मालावर ख्रिस्ताच्या नावाची मोहोर उठविण्याची रीत शिकल्यासवरल्या मंडळींत पडत चालली आहे. ज्यांनी शुभवर्तमानाची दोन पानेही सलग वाचली नसतील त्यांच्याही तोंडी रानातील भूकमळे आणि आकाशातील पाखरे असतात. ही मोहोर खोटी आहे असे आमचे म्हणणे आहे, आणि ते सप्रमाण मांडावे एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या चौसाळ्यावरून बीडहून धाराशिवकडे जाणारा हमरस्ता जातो. दसरा-दिवाळी उलटली की या रस्त्याने बालाघाटावरील वाड्यावस्त्यांची माणसे ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांत बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस निघतात. पाण्याचे पिंप, पत्र्याची पेटी, धान्याची पोती, एखादी शेळी आणि या सर्वांच्या वर बसविलेली पोरे, असा तो संसार चाललेला असतो. अशाच एका संध्याकाळी वाचनप्रेमी मंडळींच्या बैठकीत डोंगरावरील प्रवचनावर चार शब्द बोलून आम्ही बाहेर पडलो होतो. समोरून ट्रॉल्यांची रांग चालली होती. आमच्यासोबत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक बहुश्रुत गृहस्थ होते. त्या रांगेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "या लोकांना कितीही द्या, पुरायचे नाही. उचल घेतात आणि लग्नकार्यात उडवतात. प्रोफेसरसाहेब, तुमचे आजचे व्याख्यान खरे म्हणजे यांना ऐकवायला हवे होते. ख्रिस्ताने सांगितलेले समाधान यांच्या अंगी आले, तर यांचे निम्मे दुःख जाईल."

सदर गृहस्थ मनाने दुष्ट नाहीत. ते कोणाचे बुडवीत नाहीत, अडल्यानडल्यास मदतही करतात. म्हणूनच त्यांच्या मताचा समाचार घेणे अगत्याचे आहे. दुष्टाच्या तोंडचे असले वाक्य कोणी मनावर घेत नाही. सज्जनाच्या तोंडून निघाले म्हणजे ते सुभाषित होऊन बसते.

प्रथम ज्यांना समाधान शिकवावयाचे त्यांची स्थिती पाहू. ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' म्हणजे नवराबायकोचे जोडपे. माणसे दोन, पण हिशेबात नग एक. हंगामापूर्वी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची, तिला उचल म्हणतात. आणि ती टनामागे ठरलेल्या दराने ऊस तोडून फेडावयाची. पहाटेच्या अंधारात फड गाठावा, ऊस तोडून मोळ्या बांधाव्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरावी. गाडी रात्री आली तर रात्री भरावी. राहावयास कोपी. दुखण्याने वा बाळंतपणाने दिवस बुडाला की 'खाडा' मांडला जातो आणि तो अंगावरच्या रकमेत चढतो. हंगाम सरला आणि रक्कम फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षाच्या बोकांडी. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आढळले. पाळीच्या व दुखण्याच्या दिवसांत खाडा पडू नये ही धास्ती त्यामागील कारणांपैकी एक असल्याचे तेव्हा पुढे आले. अशा स्त्रीस समाधानाचा उपदेश करणाराने, तिने नेमके कशात समाधान मानावे, एवढे तरी सांगावे.

आता ख्रिस्ताकडे वळू. आम्ही ख्रिस्ती नाही. वारकऱ्याच्या घरात आमचा जन्म झाला. परंतु कोणत्याही ग्रंथातील वचन वापरताना ते कोणी कोणास उद्देशून म्हटले हे आधी पाहावे, एवढा नियम आम्हांस आमच्या शिक्षकांनी घालून दिला आहे. हा नियम लावला म्हणजे काय दिसते?

लूकच्या शुभवर्तमानात भूकमळांचा व पाखरांचा प्रसिद्ध उपदेश बाराव्या अध्यायात येतो. त्याच्या लगेच आधी काय आहे? एका धनिकाचा दाखला. त्याच्या शेतात अमाप पीक आले. ते कोठे साठवावे या विवंचनेत त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला, आणि त्याच रात्री त्याचा प्राण गेला. म्हणजे निश्चिंततेचा उपदेश सुरू होतो तो कोठारवाल्याच्या फजितीपासून! पुढे ख्रिस्त शिष्यांस चिंता सोडा म्हणतो हे खरे; पण त्यांच्या गरजा खोट्या आहेत असे तो म्हणत नाही. उलट, अन्नवस्त्राची तुम्हांस गरज आहे हे स्वर्गातील पित्यास ठाऊक आहे, असे तो बजावून सांगतो. 'भिऊ नका' म्हणणे वेगळे आणि 'मागू नका' म्हणणे वेगळे. आमच्या समाधानवादी मित्रांनी पहिल्याच्या जागी दुसरे कधी बसविले, हे त्यांचे त्यांनाही कळलेले नाही.

त्याच शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या वेतनात तृप्त राहा, असा रोखठोक उपदेश आहे. तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने केला. आणि कोणास केला? शिपायांस! कोणाकडून जुलमाने पैसा उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, आणि मिळते त्या पगारात भागवा, असे तो त्यांस सांगतो. ज्याच्या हाती शस्त्र आहे, जो दुसऱ्यास लुबाडू शकतो, त्यास सांगितलेले हे समाधान आहे. लुबाडल्या गेलेल्या माणसास योहानाने ते सांगितले नाही. पौलाचेही तसेच. मिळेल त्या स्थितीत तृप्त राहावयास आपण शिकलो आहोत, हे त्याने फिलिप्पैकरांस लिहिले ते स्वतःविषयी, आणि तेही बंदिवासातून. अन्नवस्त्रात संतोष मानावा असे तीमथ्यास लिहिलेल्या पत्रात येते, तेथे रोख आहे तो श्रीमंत होण्याच्या हव्यासाने पछाडलेल्यांवर.

आणि मजुराविषयी काय म्हटले आहे? याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आमच्या स्नेह्यांनी एकवार वाचावा. शेतातील पीक कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी तेथे स्वतःच आक्रोश करते आणि तो आक्रोश ईश्वराच्या कानी जातो. पीक कापणाऱ्यांची! याकोबास ऊस ठाऊक नव्हता, मुकादम ठाऊक नव्हता, पण फड त्यास पुरता ठाऊक होता.

येथे प्रतिपक्षाचा एक बळकट आक्षेप आहे आणि तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच नव्या करारातील पत्रांत दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असेही सांगितले आहे आणि त्या वचनांचा आधार घेऊन गुलामांच्या मालकांनी शतकानुशतके आपला धंदा चालविला. हे नाकारता येत नाही. पण याच इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांकरिता बायबलची एक खास आवृत्ती छापण्यात आली. तीतून मोशेने इस्राएल लोकांस मिसरच्या दास्यातून सोडवून नेल्याची कथाच गाळलेली होती. ग्रंथ संपूर्ण वाचला असता गुलाम समाधानी राहील, असा भरवसा खुद्द छापणारांनाच वाटला नाही. कात्री लावल्यावाचून त्यांचे काम भागेना. आमचे स्नेही भूकमळे तेवढी घेतात आणि याकोब सोडून देतात, तेव्हा ते नकळत तीच कात्री चालवीत असतात.

दुसरा आक्षेप पौलाच्याच एका वचनाचा: जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये. हे वचन घरकामाच्या बाईपासून रोजगार हमीच्या मजुरापर्यंत सर्वांवर फेकले जाते. पण त्यातील मुख्य शब्द 'इच्छीत नाही' हा आहे. काम मिळत नाही वा करवत नाही अशांबद्दल ते नाही. शिवाय पौल स्वतः राहुट्या शिवण्याचा धंदा करून पोट भरीत असे. व्याजावर बसून खाणाऱ्यांनी हे वचन आधी स्वतःस लावून पाहावे हे बरे.

मजुरीसंबंधी ख्रिस्ताचे मन खरोखर कळावयाचे असेल, तर मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला पाहावा. मळ्याचा धनी पहाटे नाक्यावर जाऊन एक दिनार रोजाने मजूर लावतो. मग दर काही तासांनी जाऊन आणखी लावतो. दिवस मावळावयास तासभर उरला असताही त्यास काही जण रिकामे उभे दिसतात. का उभे, असे विचारता ते सांगतात की आम्हांस कोणी कामच दिले नाही. त्यांसही तो मळ्यात धाडतो. संध्याकाळी सर्वांस सारखाच, एक एक दिनार! पहाटेपासून राबलेले साहजिकच कुरकुरतात. धनी म्हणतो, ठरले ते तुम्हांस मिळाले, मी उदार झालो तर तुमच्या डोळ्यांत का सलावे?

अर्थशास्त्राच्या वर्गात हा दाखला सांगितला तर विद्यार्थी हसतील. १८६० साली विद्वान वाचक हसले नाहीत, संतापले. त्या वर्षी जॉन रस्किनने याच दाखल्यातील शब्दांचे शीर्षक देऊन 'कॉर्नहिल' मासिकात चार निबंध लिहिले आणि मजुराचे वेतन केवळ बाजारातील ओढाताणीने ठरवू नये असे प्रतिपादन केले. इतका गहजब झाला की संपादक थॅकरे यांस लेखमाला तेथेच आवरावी लागली. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले, त्याच वर्षी फिनिक्स येथे वसाहत उभी केली आणि १९०८ साली त्याचा गुजराती सारांश दिला. त्याचे नाव 'सर्वोदय'. पुढे महाराष्ट्रात विनोबांच्या तोंडून घरोघरी पोहोचलेला हा शब्द, मागे शोधीत गेल्यास, त्या मळ्याच्या नाक्यावर जाऊन पोहोचतो.

या दाखल्याचा धर्मशास्त्रीय अर्थ पंडितांनी लावावा. आमच्यासारख्या प्रापंचिकास त्यात एक साधी गोष्ट दिसते. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, घरची चूल एक दिवस पेटण्याइतका पैसा. उशिरा आलेल्याच्या घरीही पोरे तितकीच भुकेली असतात, हे धन्याने ओळखले आणि हुकलेल्या तासांचा खाडा त्याने मांडला नाही. समाधान मानावयास त्याने सांगितले ते कोणास? ज्यास पुरेसे मिळाले आणि तरीही शेजाऱ्याचे सहन होत नाही, त्यास!

या बाबतीत आणखी एक पंथ आहे. तो समाधानवाद्यांच्या अगदी उलट बोलतो. श्रद्धा ठेवा, प्रार्थना करा, म्हणजे देव मोटार देईल, बंगला देईल असे तो सांगतो. मॅक्स वेबर या जर्मन पंडिताने १९०४-०५ साली प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांचा संबंध दाखविला, तो काटकसर व उद्योग या गुणांचा. या पंथाने उद्योग गाळला आणि लाभ तेवढा ठेवला. एक म्हणतो, तू गरीब आहेस हीच ईश्वराची इच्छा. दुसरा म्हणतो, तू गरीब आहेस कारण तुझी श्रद्धा तोकडी. मजुरी किती मिळते हे मात्र दोघेही विचारीत नाहीत.

महाराष्ट्रात ख्रिस्ताची शिकवण जगून दाखविणारांनी असले काही केले नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. तेथे प्रार्थना होती. पण प्रार्थनेबरोबर छापखाना होता, माग होते, शेत होते. मुलीच्या हाती कसब आल्यावाचून तिच्या मनास स्वस्थता येणार नाही, हे ती विदुषी जाणून होती. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती धरली. पैसा त्यांच्या हाती कधीच टिकला नाही. त्यांचा निरिच्छपणा वंदनीय खराच. तथापि 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकास हेही ठाऊक आहे की त्या निरिच्छपणाची झळ लक्ष्मीबाईंनी सोसली. घरातील एकाचे समाधान दुसऱ्याच्या काळजीवर उभे असते, हे त्या बाईने कसलाही आकांत न करता, हसत हसत सांगून ठेवले आहे. आणि अगदी अलीकडचे पाहावयाचे, तर जानेवारी २०२० मध्ये आमच्या याच रस्त्यावरील उस्मानाबाद, आजचे धाराशिव, येथे भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. २०२४ साली ते निवर्तले. त्यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले. आणि वसईतील जमिनी व हिरवाई यांवर धाड आली तेव्हा ते पुरोहित असूनही लोकांच्या पुढे उभे राहिले. गेले तर जाऊ द्या, समाधान माना, असे त्यांनी शेतकऱ्यांस सांगितले नाही.

कोणी म्हणेल, ख्रिस्ताचे असो, पण आमच्या संतांनी तर समाधानच शिकविले ना? शिकविले. पण तुकोबांची परंपरेने सांगितलेली कथा आठवा. दुष्काळानंतर त्यांनी वडिलोपार्जित सावकारीतील आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. खते कोणाची? लोकांकडून येणे असलेल्या रकमांची! आपले समाधान तुकोबांनी आपल्या येण्यावर पाणी सोडून मिळविले. ऋणकोच्या दारी जाऊन त्यास संतोषाचे महत्त्व सांगितले नाही. गालीलच्या आणि देहूच्या शिकवणीत या बाबतीत आम्हांस रेसभर अंतर दिसत नाही.

राहता राहिला उचल उडविण्याचा आरोप. उचलीतून लग्ने होतात हे खरे. पण ज्या घरात वर्षातून एकदाच एकरकमी पैसा येतो, त्या घरी लग्न, दवाखाना, मागचे देणे आणि घराचा पत्रा यांची वेळ त्याच पैशाबरोबर येणार. आम्ही नोकरदार लग्नाकरिता भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो, तेव्हा त्यास कोणी उधळपट्टी म्हणत नाही. आणि इतिहास असा आहे की तोडणीच्या दरात वाढ झाली ती उपदेशाने नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये दर ३४ टक्क्यांनी वाढले, ते संघटनांच्या रेट्याने वाटाघाटी होऊन. मजूर समाधानी राहिला असता तर जुनाच दर आजही धर्मसंमत ठरला असता.

येथवर लिहून लेखणी खाली ठेवता आली असती आणि आमच्या स्नेह्यांस पुरते निरुत्तर केल्याचे समाधान आम्हांस लाभले असते. परंतु ज्या महिन्यात ते संभाषण झाले त्याच्या पुढील महिन्याच्या एक तारखेस आमच्या स्वतःच्या घरी जे घडले, ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा आणि सून तोडीस गेलेली आहेत. चार वर्षांचा नातू त्यांच्याजवळ असतो. तो तापाने फणफणला म्हणून त्या चार दिवस आल्या नव्हत्या. सौभाग्यवतींनी हिशेब केला, आम्ही शेजारी वर्तमानपत्र वाचीत होतो. बाईंनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि खालच्या आवाजात विचारले, "सर, खाडे धरले का?"

शब्द तोच होता. दोन-तीन आठवड्यांपूर्वी ज्या शब्दावर आम्ही रस्त्यात उभे राहून मुकादमास दूषणे दिली होती, तो आमच्या दाराच्या उंबऱ्यावर उभा राहिला. त्याच महिन्यात पडशाने आम्ही दोन दिवस कॉलेजात गेलो नव्हतो आणि आमच्या पगारातून एक पैही कापली गेली नव्हती; आमच्या गैरहजेरीचे नाव किरकोळ रजा, बाईंच्या गैरहजेरीचे नाव खाडा! आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? वर्षानुवर्षे असेच चालले आहे, तुम्ही कधी विचारलेत का?" खरेच विचारले नव्हते. डोंगरावरील प्रवचन आम्हांस पाठ होते. स्वयंपाकघरातील दिनदर्शिका आम्ही कधी वाचली नव्हती.

चार दिवसांचे पैसे त्याच वेळी दिले. त्यात औदार्य काहीच नव्हते. आता महिन्यास चार दिवस भरपगारी सुट्टी आणि आजारपण त्याहून वेगळे, असे घरात ठरले आहे. त्यामुळे आमचा खर्च फारसा वाढला नाही, एवढेच पाहून आम्हांस अधिक लाज वाटली.

ख्रिस्ताच्या शिकवणीचा पैशाशी, श्रमाशी आणि रोजच्या संसाराशी संबंध लावू पाहणाऱ्या वाचकांस आमची विनंती अशी, की त्यांनी साखर कारखान्यांचा न्याय मागावाच. मुकादमासही जाब विचारावा. पण तत्पूर्वी आपल्या स्वयंपाकघरातील भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून, तिच्यावर दुधाच्या हिशेबाखेरीज आणखी कसल्या फुल्या मारलेल्या आहेत, ते एकदा पाहून घ्यावे.